पाचशेचं बॅरल

ठाण्यातल्या एकाही शाळेला मी नको होते. तोंडावर तसं कुणी म्हणत नसे. "मार्क चांगले आहेत हो तुमचे, पण वर्गात उभं राहावं लागतं," असं म्हणत आणि माझ्या डाव्या पायाकडे बघायचं नाही म्हणून छताकडे बघत. एका शाळेच्या छतावर बघण्यासारखं काहीही नव्हतं, तरी तिथले चेअरमन बराच वेळ मान वर करून बसले होते. लहानपणी मला ताप आला आणि जाताना पाय घेऊन गेला. तेव्हापासून डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट आणि काखेत कुबडी. तोंड मात्र शाबूत राहिलं. आईच्या मते गरजेपेक्षा जास्तच.

कल्याणला पारनाक्याजवळ मुलींची एक शाळा होती. तिथल्या मोठ्या बाईंनी छताकडे पाहिलं नाही. त्यांनी सरळ माझ्या पायाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"पायाचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "मला वेळेचं आहे. आमची सकाळची शाळा. सातच्या प्रार्थनेला वर्गापुढे बाई उभी दिसली पाहिजे. दिवाळीनंतर या. परीक्षेपर्यंत तात्पुरतं ठेवते. वेळेवर येत राहिलात तर कायम करीन. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

बाहेर दादा फटफटीला टेकून उभा होता. "काय गं ठमे?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "मिळाली." तो एवढा हसला की मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी त्याला म्हटलं, "हसतोस काय? येणार कशी रोज मी इथे? आजच्यासारखी मागे बसून, तुझ्या कमरेला बांधून?"

प्रश्न खराच होता. ठाण्याहून कल्याणला आगगाडी होती, पण आगगाडी म्हटली की जिने आले. परीक्षांना जाताना दादानं मला पाठुंगळीला घेऊन ते जिने कितीदा तरी चढउतार केले होते. वडील गेल्यावर घर त्याच्यावर होतं, मीही त्याच्यावर होते, शब्दशः. पण मास्तरीणबाई भावाच्या पाठीवरून उतरल्या तर मुली काय बोध घेणार? उपाशी राहीन, पण शाळेत कुणाच्या पाठीवरून जाणार नाही, असं मी आईला ठणकावून सांगितलं. आई म्हणाली, "पाठ त्याची आहे, तक्रार तुझी बरी!"

मग साइडकारची कल्पना निघाली. दादाची फटफटी लष्करी होती. लढाई संपल्यावर कल्याणच्या कॅम्पातला माल लिलावात निघाला, त्यातली. साडेतीनशे सीसीचं इंजिन, रंग शेवाळी, आवाज दमेकरी म्हाताऱ्याचा. तिला जोडायचा सांगाडाही त्याच भंगारात मिळाला. त्यावरची खोली, मी तिला खोलीच म्हणायची, ठाण्यातल्या एका टांगे करणाऱ्या सुतारानं बांधली. दादा त्याच्या उरावर बसून होता. फळी सागाची हवी. तळ दुहेरी हवा. दार खाली उतरतं हवं, म्हणजे हिला पाय उचलावा लागणार नाही. धरायला दांडी हवी, बसायला टांग्यासारखी गादी हवी. सुतार म्हणाला, "अहो, बहिणीला पाठवताय की राणीला?" दादा म्हणाला, "दार नीट बसव."

रविवारी आम्ही चाचणीला निघालो. कळव्याचा पूल झकास ओलांडला. मुंब्र्यापर्यंत मी लोकांना मान डोलावून नमस्कारसुद्धा करत होते. मुंब्रा सोडल्यावर रस्ता डोंगराच्या कडेनं चढायला लागतो, तिथे फटफटी धापा टाकायला लागली. दादानं गिअर खाली घेतला, आणखी खाली घेतला, आणि चढाच्या मध्यावर ती बंद पडली. तो उतरून ढकलायला लागला. मी आत.

"मी उतरते," मी म्हटलं.

"बस तू."

"दादा, मी उतरते म्हणतेय ना!"

"अगं बस गं, झालंच आता."

मानेच्या शिरा तटतटलेल्या, सदरा पाठीला चिकटलेला, आणि मी सागवानी खोलीत गादीवर. पाठीवरून उतरले आणि हे काय झालं? मागून एक बैलगाडी आली. गाडीवान पुढे जाता जाता म्हणाला, "दादूस, बैल देऊ का येक?" दादा हसला. मला मात्र वाटलं, दरडीवरून खाली उडी मारावी. उडी मारता येत नाही ही आमची जन्माची अडचण.

घरी आल्यावर मी जाहीर केलं की मी नोकरी करत नाही. मी जड आहे, यंत्रालाही जड आहे. दादानं पायात चपला सरकवल्या. तो मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्री माजिवड्याचा. घरची मिठागरं, पण लढाईत हा लष्करी वर्कशॉपात कामाला लागला आणि तेव्हापासून मिठाला शिवला नाही. एवढा बढाईखोर माणूस मी पुन्हा पाहिला नाही. रणगाडासुद्धा आपण दोन पान्यांत खोलला आहे, असं तो सांगायचा. त्यानं इंजिनाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मग माझ्याकडे वळला.

"ताय, तुजा वजन किती?"

मी म्हटलं, "तुमचं किती?"

"मना चढायचा नाय गारीत. तुना चढायचा हाय." वजन मला ठाऊक नव्हतं. मग त्यानं आम्हाला मिठागरावर नेलं. तिथे मिठाची पोती तोलायचा मोठा लाकडी काटा होता. एका पारड्यात मला बसवलं, दुसऱ्यात मीठ घालायला सुरुवात केली. मीठ वाहणाऱ्या बायका पाट्या खाली ठेवून बघायला आल्या. माझं तोंड लाल झालं होतं. दादा पाठ करून खाडीकडे बघत उभा राहिला, कारण तो हसत होता आणि मी ते पाहू नये असं त्याला वाटत होतं. पोतं पुरतं रिकामं होण्याआधीच माझं पारडं उचललं गेलं.

"ह्ये बग," मिस्त्री म्हणाला. "एक पोता पन नाय ही. तुजी फली जड हाय दादूस. सागाची फली, दुप्पट तला. मानूस कापसाचा आनि पेटी तिजोरीची."

त्या दिवसापर्यंत मी जड आहे याबद्दल मला कधी शंका आली नव्हती. कुणी तोलून सांगितलंच नव्हतं. तिथल्या एका म्हातारीनं माझ्या ओंजळीत त्याच पारड्यातलं मीठ घातलं आणि म्हणाली, "घरी ने पोरी." मी ते पदरात बांधून आणलं. आईनं त्याच मिठात लिंबं घातली.

दादाला फळी पातळ करायचा सल्ला पटला नाही. रस्त्यावर काही झालं तर सागच माणसाला वाचवेल, असं त्याचं म्हणणं. मग उरलं इंजिन. मिस्त्रीनं ते आम्हाला असं समजावलं: इंजिनात एक लोखंडी नळकांडं असतं, त्याला बॅरल म्हणायचं. त्याच्यात पिस्टन वरखाली धावतो. पेट्रोल पेटतं ते त्याच्याच डोक्यावर. नळकांडं जेवढं रुंद, तेवढा घास मोठा, तेवढा जोर जास्त. त्याच कंपनीची पाचशेची मोठी फटफटीही लष्करात होती. खालचा भाग दोघींचा जवळजवळ सारखा. तेव्हा पाचशेचं बॅरल आणि पाचशेचा पिस्टन आणायचा, खालच्या पेटीचं तोंड थोडं खरवडून रुंद करायचं आणि वर बसवायचं. "पोरीला आयचा पोलका घालायचा," मिस्त्री म्हणाला. "जरा उसवायचा, जरा टाचायचा."

कॅम्पाच्या भंगारात दादा आठवडेच्या आठवडे हुडकत होता. बॅरल मिळालं ते कुणाच्या तरी अंगणात तुळशीला आधार म्हणून. ते घरी आलं तेव्हा दादानं ते पोरासारखं मांडीवर घेतलं होतं. गिरणीच्या वर्कशॉपातली त्याची दुपारपाळी, म्हणून सकाळी तो आणि मिस्त्री आमच्या दोन खोल्यांसमोरच्या ओट्यावर काम करायचे. मी बूट पसरून शेजारी बसायची आणि रॉकेलनं नटबोल्ट धुवायची. हाताला वास येतो म्हणून आई मला पोळ्यांना हात लावू देईना. माझं फारसं नुकसान झालं नाही.

नवरात्र आलं. खंडेनवमीला आयुधांची पूजा करायची आणि दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हे मिस्त्रीचं व्रत रणगाड्यांच्या काळातही मोडलं नव्हतं, म्हणे. इंजिन पुरतं उघडं पडलेलं. त्यानं ओट्यावर पाट मांडले. एकावर पाने आणि हातोड्या, दुसऱ्यावर बॅरल, नवा पिस्टन, रिंगा, धुवून झाकण काढून ठेवलेली तेलाची टाकी. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. आई ताम्हन घेऊन आली. या पिस्टनवर आपल्या मुलीची नोकरी आहे हे तिला समजलं होतं, तेव्हा तिनं कुंकवाला कसूर केली नाही. मग आम्ही सगळ्यांनी अक्षता वाहिल्या. मिस्त्रीनं मूठभर, आईनं मूठभर, दादानं, मीही. देवाला चिमूटभर वाहतो आम्ही. पण तिथे पाचशेचं बॅरल होतं. शेजारच्या काकूसुद्धा घरातून तांदूळ घेऊन आल्या. इतकी थाटाची पूजा माझ्या घरात पुन्हा कुणाच्या लग्नातही झाली नाही.

दसऱ्याला मिस्त्रीनं सगळं झटकून पुसलं आणि मग चार-आठ दिवसांत इंजिन उभं राहिलं. पहिली किक मारली तेव्हा आवाज ऐकून आईनं कानांवर हात ठेवले. दम्याचा म्हातारा गेला होता. खालच्या पट्टीत, छातीतून कुणीतरी बोलत होतं.

पण लगेच पळवायचं नव्हतं. नवा पिस्टन नव्या बॅरलमध्ये रुळावा लागतो. तोवर हळू चालवायचं, तापू द्यायचं नाही, चढावर जोर करायचा नाही. मिस्त्रीनं दादाला बजावलं, "नवी सून हाय. पयल्याच दिशी पानी भरायला धारू नको." वेगासाठी एवढा खटाटोप केला आणि हाती आलं काय, तर सायकलवाल्यांनी मागे टाकण्याचा मान! शाळा सुरू झाली तेव्हा आम्ही अंधारातच निघत होतो. आई माझ्या डोक्याला मफलर बांधायची, दादा कानटोपी घालायचा, आणि आमची वरात फट्‌, फट्‌, फट्‌ करत कळव्याच्या पुलावरून जायची. चढावर तो पहिल्या गिअरमध्ये गोंजारत गोंजारत तिला वर न्यायचा. ती बंद पडत नव्हती, दादा ढकलत नव्हता, एवढंच मला पुरे होतं.

आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ कोणता असं मला विचारलं तर मी तो रस्ता सांगीन. वेग नव्हता म्हणून वारा नव्हता, आणि वारा नव्हता म्हणून बोलता येत होतं. पाठुंगळीला असताना मला त्याचा चेहरा दिसायचा नाही. साइडकारमधून वर पाहिलं की दिसायचा. तो मला गिरणीतल्या गमती सांगायचा. मी वर्गात काय शिकवणार ते त्याला आधी शिकवायची, तो मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायचा. शीळ फाट्याला वळलो की फटफटायला लागायचं. मानपाड्याजवळ गवताच्या गाड्या भेटायच्या, गाडीवान ओळखीचे झाले होते. "ताय, आज बी हलूच का?" असं विचारून बैलांना चुचकारत ते आमच्याशी शर्यत लावायचे.

शाळेत मी उतरायची ती खालच्या दारातून, माझी मी. प्रार्थनेला वर्गापुढे उभी असायची. शाळा सुटेपर्यंत दादा बाहेर पिंपळाखाली साइडकारमध्ये पाय वर काढून झोपायचा. मुली खिडकीतून बघून खुदखुदायच्या. "बाई, तुमचे दादा घोरतात." मी म्हणायची, "घोरू दे. त्यांना परीक्षा नाही." दुपारी तो मला घरी सोडायचा, चार घास पोटात ढकलायचा आणि गिरणीत जायचा. तो वाळला होता. आईला दिसत होतं, मला दिसत होतं. मिठागराच्या काट्यावर माझं वजन कळलं होतं, पण या झोपेचं वजन कुठल्या पारड्यात घालायचं? मी विचारलं की तो म्हणायचा, "तुझ्यामुळे कल्याणची हवा मिळते मला."

माघातली एक सकाळ. निघतानाच दादा खुशीत होता. मिस्त्रीनं परवानगी दिली होती, पिस्टन रुळला होता. मुंब्रा मागे पडलं, चढ समोर आला. दादा खाली वाकून म्हणाला, "ठमे, दांडी धर. आज सोडतो."

आणि त्यानं मूठ पिळली. काय सांगू? खोली, मी, सागाची फळी, सगळं घेऊन ती फटफटी चढावर झेपावली. मफलर उडाला. मी ओरडले, दादाही ओरडला. मेलं काय ओरडलो कोण जाणे, पण दोघंही ओरडत होतो. चढाचा मध्य, जिथे तो एकदा ढकलत होता, कधी गेला ते कळलंसुद्धा नाही.

माथा थोडा राहिला असताना कर्रकन आवाज झाला. मागचं चाक जाग्यावर थिजलं, गाडी आडवी सरकली. दादानं क्लच दाबला म्हणून आम्ही दरडीखाली गेलो नाही. नंतर एकदम शांतता. गरम लोखंडाचा वास.

दादा खाली बसला, तेलाच्या टाकीचं झाकण उघडून बघू लागला. तेल होतं, पण फिरत नव्हतं. तेलावाचून तापून पिस्टन बॅरलमध्ये चिकटला होता. "जॅम," तो म्हणाला. एवढाच शब्द. मग त्यानं वर पाहिलं. लहान मुलाचं काही फुटलं की ते जसं बघतं तसं.

"चल," तो म्हणाला आणि माझ्याकडे पाठ करून वाकला. "ये. शीळ फाट्यापर्यंत नेतो, तिथे काहीतरी मिळेल."

ती पाठ माझ्या ओळखीची होती. मला तिच्यावर सगळं आयुष्य काढता आलं असतं. मी खालचं दार उघडलं, कुबडी रोवली आणि उतरले.

"तू गाडीजवळ थांब," मी म्हटलं. "मी जाते."

"अगं वेडी आहेस का? चढ आहे."

"दिसतोय मला."

"उशीर होईल."

"झालाच आहे."

तो माझ्यामागे चार पावलं आला. मी वळून त्याच्यावर डोळे वटारले. तो थांबला. दादा माझ्या डोळ्यांना नेहमी भ्यायचा, देव त्याचं भलं करो. बूट खडीत घसरत होता, काखेत कुबडी काचत होती, आणि मी त्या चढावर अगदी मुंगीच्या पायानं चालले होते. माथ्यावर पोचले तेव्हा मला धड श्वास घेता येत नव्हता. मागे पाहिलं तर दादा अजून तसाच रस्त्याच्या मधोमध उभा होता. मी कुबडी वर करून दाखवली. पुढे गवताची रिकामी गाडी मिळाली, मानपाड्यापर्यंत. गाडीवानानं बघितलं आणि घोंगडी पसरली. तिथून विटांचा ट्रक कल्याणपर्यंत.

शाळेत पोचले तेव्हा दुसरा तास संपत आला होता. माझ्या वर्गापुढे मोठ्या बाई उभ्या होत्या. माझं लुगडं विटकरीच्या धुळीनं माखलेलं.

"उशीर झाला," त्या म्हणाल्या.

"हो."

"हे असं पुन्हा होणार नाही, असं सांगता येईल तुम्हाला?"

खोटं सांगता आलं असतं. पण चढ चढून माझ्यात काहीतरी आडमुठं आलं होतं. मी म्हटलं, "ठाण्याहून येत राहिले तर नाही सांगता येणार. इथे जवळ खोली मिळेल का बाई? तळमजल्याची."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातला खडू माझ्या हातात दिला. "संध्याकाळी बघू. आता गणितं घ्या."

ती रात्र मी त्यांच्याच घरी काढली आणि ठाण्याला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मागच्या गल्लीत एका विधवा मावशींची एक खोली ठरली.

तिकडे ठाण्याला इंजिन उघडलं गेलं. मला नंतर आईनं सांगितलं. तेलाच्या नळीच्या तोंडाशी कुंकवाचा चिखल साचला होता आणि त्यात अक्षतांचे दाणे घट्ट बसलेले. टाकीच्या तळाशी इतके दिवस निपचित पडले होते, त्या दिवशीच्या उसळीनं तोंडाशी आले. मिस्त्रीनं ते दाणे तळहातावर घेतले आणि खाली बसला. एवढा बढाईखोर माणूस, पण त्या दिवशी रणगाड्याचं नाव काढलं नाही. मग म्हणाला, "माजंच." आई म्हणाली, "माझेच असतील हो, मीच मूठभर टाकले." शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमचे आंबेमोहोर असतात." दादा म्हणे हसत सुटला आणि हसता हसता ओट्यावरच बसून राहिला. कुणाचे दाणे ते अजून ठरलेलं नाही. सगळ्यांनी चांगलंच मागितलं होतं, त्यात शंका नाही.

शनिवारी दुपारी शाळेबाहेर तो आवाज आला. छातीतला, खालच्या पट्टीतला. दादानं बॅरल घासून घेतलं होतं, दुसरा पिस्टन बसवला होता, किती रात्री जागला ते मी विचारलं नाही. तोंड काळं, डोळे लाल, आणि हसू थेट कानापर्यंत.

"सोमवारपासून पुन्हा आपली वरात," तो म्हणाला. "जरा हळू जावं लागेल पहिले काही दिवस."

मी म्हटलं, "दादा, मी खोली घेतली आहे. आई सांगणार होती ना तुला?"

"सांगितलं तिनं. मला वाटलं, तेवढ्यापुरती."

"नाही. राहणारच आहे मी इथे."

तो हातातलं फडकं पुसत राहिला. फडक्यानं हात पुसतात, हा हातानं फडकं पुसत होता. मग म्हणाला, "तुला मी जड झालो का गं?"

जन्मभर हा प्रश्न मी त्याला विचारणार होते. कितीदा ओठांवर आला आणि मी गिळला. तो आज त्याच्या तोंडून आला.

"नाही रे," मी म्हटलं. "तुझ्याशिवाय मला करमायचं नाही. रोज रडेन बहुतेक. पण मला उशीर झाला तर तो माझा होऊ दे. माझ्या उशिरासाठी तुझं इंजिन फुटायला नको."

त्यानं फडकं खिशात कोंबलं. खोली बघायला आला. उंबरठा उंच होता, त्यानं पावलानं अंदाज घेतला, बाहेर जाऊन हत्यारांची पेटी आणली आणि उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना, मोरीत, विहिरीच्या वाटेवर धरायला दांड्या ठोकल्या. मावशी हातात चहा घेऊन उभ्या, हा ठोकतोच आहे. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि नुसती वेणी ओढली.

सोमवारी मी लवकर निघाले. खोलीपासून शाळा, दुसऱ्या कुणाला हाकेच्या अंतरावर. गल्ली ओलांडली, कोपऱ्यावर वळले, तर समोर पिंपळाखाली फटफटी उभी. इंजिन बंद. साइडकार रिकामी. दादा कानटोपी घालून, हात छातीशी घट्ट बांधून उभा होता. ठाण्याहून एवढं अंतर, नव्या पिस्टनला जपत, अंधारातून आला असणार. रस्त्यात एक चिखलाचा खड्डा होता. मी कुबडी कुठे टेकावी म्हणून थांबले, तेव्हा त्याचे हात सुटले, पाऊल पुढे आलं, आणि त्यानं ते मागे घेतलं.

मी त्याला पाहिलंच नाही असं दाखवलं. खड्ड्याला वळसा घातला, फाटकातून आत गेले, ओट्याच्या दोन पायऱ्या चढले आणि प्रार्थनेला वर्गापुढे उभी राहिले. मुलींनी हात जोडले. तेवढ्यात बाहेर किकचा आवाज झाला, आणि फटफटी हळूहळू ठाण्याच्या रस्त्याला लागली.